हातावरचं दही

१

मालिनीच्या घरातून कोणी मोठ्या कामाला निघालं आणि हातावर दही न घेता गेलं, असं आजवर कधी घडलं नव्हतं. घर कुठे, तर जर्सी सिटीतल्या एका उंच इमारतीत, नदीच्या बाजूला. तिथे उंबरठा कसला आलाय, कार्पेटची पट्टी संपते तेच दार. पण दही मात्र घरचं, रोज रात्री विरजण लावलेलं. अमनचा किंडरगार्टनचा पहिला दिवस, ड्रायव्हिंग टेस्ट, नोकरीचा इंटरव्ह्यू, दर वेळी मालिनीने चमचाभर दही त्याच्या उजव्या तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, "ये हं." जा म्हणायचं नाही, ये म्हणायचं. हातावरचं दही खाऊन गेलेलं माणूस घरी परत येतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं, तिने अमनला सांगितलं.

दही ती नेमकं एका जागी टेकवायची. लहानपणी अमनने ओट्यावरची तापलेली फोडणीची पळी मुठीत धरली होती, त्याची चंद्रकोरीसारखी खूण तळहाताच्या मधोमध राहिली ती राहिलीच. त्या खुणेवर दही. अमन ते चाटायचा, चिकट हात पँटला पुसायचा आणि ओरडा खायचा. आता तो सव्वीस वर्षांचा घोडा झाला होता, शाळेत मुलांना इतिहास शिकवत होता, तरी हात आपला पँटलाच.

मालिनी अंधश्रद्धाळू होती का? छे. मॅनहॅटनमधल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्ट करायची, तिचा धंदाच मुळी शंका घेण्याचा. एखादी चूक एकदाच दिसली तर ती चूक नव्हे, पुन्हा करून दाखवा, मग बोला, असा तिचा खाक्या. ज्युनियर पोरं तिला टरकून असत. दही तेवढं तिने या खाक्यातून वगळलं होतं. प्रत्येकाचं असं काही ना काही वगळलेलं असतंच.

२

अमनला एक नाद होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे सैनिक बोटींतून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तो प्रसंग काही हौशी मंडळी दर ऑगस्टमध्ये न्यू जर्सीच्या दक्षिणेला एका लहानशा गावच्या किनाऱ्यावर हुबेहूब उभा करत. कपडे त्या काळचे, हेल्मेटं त्या काळची, फक्त गोळ्या खोट्या. बोट मात्र अस्सल, खुद्द त्या युद्धातली. सपाट तळाची, आणि पुढची अख्खी बाजू दारासारखी पाण्यात आडवी पडायची. त्यावरून पोरं धडाधड पाण्यात उतरायची आणि ओरडत वाळूकडे धावायची. काहींनी मध्येच मरायचं, हे आधीच ठरलेलं असे. शेवटी शिट्टी झाली की मेलेले उठत आणि लोक टाळ्या वाजवत.

"मेलेली माणसं उठून हॉट डॉग खातात, असं हे एकच युद्ध," असं दिगंबर म्हणायचे. दिगंबर म्हणजे मालिनीचे यजमान. स्वभावाने गरीब, पण जिभेला हाड नाही.

इतकी वर्षं मालिनी ते बघायला गेली नव्हती. या वर्षी अमनने फारच गळ घातली, म्हणून गेली. जाताना बर्फाच्या पेटीत दह्याचा डबा घेतला. समुद्रात जायचं म्हणजे मोठंच काम, मग ते खोटं का असेना.

किनाऱ्यावर पोचल्यावर दिगंबर गाडी लावायला जागा शोधत राहिले आणि मालिनी एकटीच बोटीपाशी गेली. पोरं पाण्याच्या कडेला रांगेत उभी होती. या सगळ्यांचा म्होरक्या वॉल्ट म्हणून एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ होता. त्याने विचारलं, डब्यात काय आहे. अमन लाजला, पण त्याने सांगितलं, "इट्स योगर्ट. माय मॉम पुट्स इट इन युअर हँड, सो यू कम बॅक."

मालिनीला वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही. वॉल्टने हातमोजा काढला आणि तळहात पुढे केला. मग सगळ्यांनीच केले.

मग काय, मालिनी रांगेने निघाली. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, हेल्मेटांच्या सावलीत चेहरे काही दिसत नव्हते, तिला दिसत होते फक्त हात. गुबगुबीत हात, केसाळ हात, अंगठी घातलेला हात. प्रत्येकावर एकेक चमचा आणि वर "ये हं." रांगेच्या शेवटी एक हात आला आणि ती जराशी थबकली. तो हात पांढराफटक होता, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला, आणि त्याची बोटं थोडी थरथरत होती. तिने खाली हात लावून आधार दिला, तर बर्फ. पोरगं घाबरलंय बिचारं, तिच्या मनात आलं. डबा खरवडून तिने शेवटचं दही त्यावर ठेवलं, इतरांपेक्षा जरा जास्तच, आणि मायेने म्हटलं, "ये हं, बाळा."

मग ती अमनकडे वळली. तो बाजूला उभा राहून हसत होता. डबा रिकामा झालेला.

"अरे देवा," ती म्हणाली.

"चिल, आई. नेक्स्ट टाइम," अमन म्हणाला आणि बोटीत चढला.

बोट आत गेली, वळली, परत आली. बार उडाले, धूर झाला. पुढचं दार पडलं आणि पोरं उतरली. अमनची चाल मालिनीने लगेच ओळखली. त्याने पाण्याच्या कडेलाच मरायचं होतं, तसा तो पडला. लाट त्याच्यावरून गेली. दुसरी गेली. शेजारी येऊन उभे राहिलेले दिगंबर तिच्या कानाशी लागून म्हणाले, "बरा पडला." शिट्टी झाली, मेलेले उठले, टाळ्या वाजल्या. अमन सगळ्यांच्या मागून उठला. जरा वेळ तो वाळूवर नुसता उभा राहिला आणि आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिला.

३

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम समुद्र खवळल्यामुळे रद्द झाला आणि सप्टेंबरअखेरीवर ढकलला. तेव्हा शनिवारीच संध्याकाळी तिघं घरी आले.

अमनने दारात बूट काढले आणि नीट ठेवले. टाचा भिंतीला, चवडे दाराकडे, मधे जराही फट नाही. सव्वीस वर्षं जी बाई रोज "बूट नीट ठेव" म्हणून घसा फोडत आली, ती बघतच राहिली.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," ती म्हणाली.

"सॉरी, मॅम?" अमन म्हणाला.

दिगंबर खदखदून हसले. अंगावरचे कपडे उतरेपर्यंत अमन सैनिकाच्या भूमिकेतच राहायचा, ही त्याची जुनी सवय. मालिनीही हसली. बुटांतून पाणी निथळत होतं, म्हणून तिने खाली पेपर घातला.

जेवायला कारल्याची भाजी होती. एरवी कारलं दिसलं की अमन पिझ्झा मागवायचा. आज त्याने खाली मान घालून सगळी खाल्ली, पान पोळीच्या तुकड्याने पुसून लख्ख केलं आणि हात जोडून मांडीवर ठेवून बसला. भूक लागली असेल, मालिनीला वाटलं. पाण्यात खेळलं की पोरांना भूक लागतेच.

"अरे, तो शेवटचा मुलगा कोण रे?" तिने विचारलं. "हात कसला गार होता त्याचा. आजारी नव्हता ना?"

अमनने मान वर केली. "द लास्ट वन? दॅट वॉज मी."

"तू नाही रे. तुझ्यापर्यंत आलं तेव्हा संपलंच होतं दही. नेक्स्ट टाइम म्हणालास की तू."

"नो, मॅम. यू गेव्ह इट टू मी." तो अगदी शांतपणे म्हणाला. "यू टोल्ड मी टू कम."

मालिनीने दिगंबरांकडे बघितलं. पण दिगंबर त्या वेळी पार्किंगमध्ये घिरट्या घालत होते, त्यांना काय माहीत असणार? त्यांनी खांदे उडवले आणि ताक मागितलं.

४

मालिनीने स्वतःला बजावलं, ऊन होतं, धावपळ होती, चुकलं असेल आपलंच काहीतरी. माणसाची आठवण म्हणजे काही टेस्ट रिपोर्ट नव्हे.

पण बुटांखालचा पेपर ती रोज बदलत होती. पाणी निथळतच होतं. चामडं जुनं आहे, भिजलं की सुकायला वेळ लागतो, असं दिगंबर म्हणाले. बाथरूमच्या जाळीत वाळू सापडायची. एका अंघोळीत सगळी जात नाही, हेही खरंच. पण आठवडा उलटला, दुसरा उलटला, तरी जाळीत वाळू होतीच. करडी, जाड, शंखांच्या बारीक चुऱ्याची. त्या गावच्या किनाऱ्यावरची वाळू मालिनीने चपलेत घरी आणली होती, ती पिवळसर आणि मऊ होती. दोन्ही चिमटी चिमटी घेऊन तिने खिडकीत उन्हाला धरून बघितल्या. मग दोन्ही बेसिनमध्ये धुऊन टाकल्या आणि त्याबद्दल कोणाशी बोलली नाही.

आवाजही होता. दुपारी घरून काम करताना अमनच्या खोलीतून यायचा. पोकळ लाकडावर पाणी आपटावं तसा, ढब, ढब, मध्ये बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ढब. तिने बिल्डिंगच्या माणसाला बोलावलं. त्याने भिंतीला कान लावला, वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन असेल म्हणाला आणि गेला. वरचा फ्लॅट रिकामा होता, पण आवाज खालचा असेल, बाजूचा असेल. उंच इमारतीत आवाज कुठून कुठे जाईल, याचा काही नेम नसतो.

आणि अमन. अमन इतका गुणी झाला होता की काही बोलायची सोयच राहिली नव्हती. पहाटे उठायचा, पांघरुणाची घडी अशी घालायचा की कोपरे टोचतील. प्रत्येक जेवणानंतर आभार मानायचा. हाक मारली की उठून उभा राहायचा, फक्त किंचित उशिरा, हाक आपल्यालाच आहे का याची खात्री करून घेतल्यासारखा. मैत्रिणीला सांगायला जावं तर ती म्हणणार, "मालिनी, तुझं आपलं काहीतरीच, माझ्याकडे पाठव त्याला."

एका संध्याकाळी तो खिडकीशी उभा होता. खाली हडसन, पलीकडे मॅनहॅटनचे दिवे लागत होते. मालिनी चहा घेऊन गेली. बरेच दिवस मनात होतं, म्हणून तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरा आहेस ना रे तू?"

"यस, मॅम." तो नदीकडेच बघत होता. जरा वेळाने म्हणाला, "इट्स नाइस हिअर. इट्स ड्राय."

 मालिनीने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसला.

५

सप्टेंबरमध्ये शाळा उघडली. पहिला दिवस म्हणजे दही आलंच. मालिनीने सकाळी वाटी काढली, तेव्हा तिच्या मनात नुसतं दही नव्हतं, हे कबूल करायला हवं. एकदा दिसलं ते पुन्हा दिसतं का, हे तिला बघायचं होतं.

"हात," ती म्हणाली.

त्याने उजवा हात पुढे केला. हे दार म्हणजे काही समुद्रकिनारा नव्हे, डोळ्यांवर ऊन नव्हतं, वर ट्यूबलाइट होती. तळहात पांढराफटक होता. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत सुरकुत्याच सुरकुत्या, धुणं धुऊन उठलेल्या बाईसारख्या. त्या सुरकुत्यांत ती खूण शोधत राहिली. चमचा हवेतच होता. खूण तिला सापडली नाही. सुरकुत्यांमुळे दिसत नसेल, ती स्वतःशी म्हणाली, आणि आधार द्यायला तिने खालून हात लावला.

तोच गारवा. किनाऱ्यावर तिने ज्याला बाळा म्हटलं होतं, तोच हा हात. यात आता शंका घ्यायला जागा नव्हती, आणि शंका घेण्यात तर तिची हयात गेली होती.

तिने दही ठेवलं. त्याने ते सावकाश, शेवटच्या कणापर्यंत चाटलं. हात पँटला पुसला नाही. चाटून झाल्यावरही तळहात तसाच पुढे धरून उभा राहिला, तिच्या तोंडाकडे बघत. चेहरा अमनचाच होता, नाक, भुवया, हनुवटीवरचा तीळ, सगळं जिथल्या तिथे.

"ये हं," ती कशीबशी म्हणाली.

"यस, मॅम," तो म्हणाला. "आय विल."

दार बंद झाल्यावर ती तिथेच खाली बसली. ज्याला दही दिलं तो आला. ज्याचं राहिलं तो राहिला. इतकं सरळ, इतकं खुळचट होतं ते, की तिला हसू यायला हवं होतं. तिला रडू आलं. तिचं पोर त्या पाण्याच्या कडेला पडलं होतं, वरून लाटा जात होत्या, आणि ती इकडे दुसऱ्याच कुणाला कारल्याची भाजी वाढत होती.

६

दिगंबरांना सांगायचं म्हणजे ते डॉक्टरकडे नेणार, हे गृहीत धरूनच तिने सांगितलं. रविवारची सकाळ होती. ते पोहे खात होते. ऐकून घेताना त्यांनी बशी खाली ठेवली, आणि बराच वेळ उचलली नाही.

"तो मला हल्ली बाबा म्हणत नाही," ते म्हणाले. "सर म्हणतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मुलगा फार सभ्य झालाय, अशी तक्रार करू?" नेहमीसारखा विनोद करायला ते गेले, पण जमलं नाही. "त्या दिवशी त्याच्या खांद्यावर हात ठेवला मी. शर्ट कोरडा होता गं. आणि हात माझा ओला झाला."

 गार झालेले पोहे मालिनीने पुन्हा गरम केले.

महिनाअखेरचा कार्यक्रम तोंडावर आला होता. तोच किनारा, तीच बोट. मालिनीने मनाशी ठरवून टाकलं. या वेळी डबा मोठा न्यायचा. ज्याचं राहिलं होतं त्याला द्यायचं. आणि जो घरात आहे त्याला द्यायचं नाही. त्याने रिकाम्या हाताने बोटीत चढायचं आणि जिथून आला तिथे राहायचं. हे ठरवताना तिला जराही वाईट वाटलं नाही. आईला कशाचं वाईट वाटतं आणि कशाचं नाही, हे पोराच्या बाबतीत कोणी सांगू शकत नाही.

आदल्या संध्याकाळी तो बुटांना पॉलिश करत बसला होता. ओल्या चामड्यावर पॉलिश बसत नव्हतं, तरी तो घासतच होता. मालिनीने दूध कोमट करून विरजण लावलं. तिची पाठ होती, तरी तो तिच्या हाताकडे बघतोय हे तिला कळत होतं. 

७

या वेळी दिगंबरांनी गाडी दिसली त्या पहिल्या जागी लावली, वर दंड होईल तर होईल म्हणाले, आणि मालिनीच्या मागोमाग वाळूत उतरले. आभाळ भरलेलं होतं, समुद्र शांत, शिशाच्या रंगाचा. प्रेक्षक ऑगस्टच्या मानाने कमीच. वॉल्टने तिला बघून लांबूनच हातमोजा काढला. पोरं पुन्हा रांगेत उभी राहिली. दही आता त्यांच्या ओळखीचं झालं होतं.

मालिनी रांगेने निघाली. उबदार हात, एकामागून एक. "ये हं." "ये हं." रांगेच्या मध्यावर तो उभा होता. अमनचा चेहरा, आणि पुढे धरलेला तो पांढरा हात. ती त्याच्यासमोर थांबली नाही. चमचा डब्यातच ठेवून पुढच्या मुलापाशी गेली.

त्याने हात मागे घेतला नाही.  चालताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला तो हात दिसत राहिला, तसाच पुढे धरलेला, वाट बघणारा.

रांग संपली. शेवटच्या मुलाच्या पलीकडे फक्त पाणी होतं आणि बोटीची काळपट कड. मालिनी डबा घेऊन तिथे उभी राहिली. एक लाट पायावरून गेली, चपला भिजल्या. काहीच नव्हतं तिथे. आपण वेडे झालो, असं तिला अगदी शांतपणे वाटलं. उद्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची, ऑफिसमध्ये सुट्टी टाकायची.

मग बोटीच्या सावलीतून एक हात पुढे आला. मनगटापर्यंतच दिसत होता, मागे हेल्मेटचा काळोख आणि भिजलेली बाही. सुरकुतलेला, पांढरा, गार. मालिनीने तो दोन्ही हातांत धरून वर वळवला. सुरकुत्यांच्या मधोमध चंद्रकोरीसारखी खूण होती.

तिने त्या खुणेवर दही ठेवलं. घाईत अर्धं वाळूत सांडलं, पुन्हा घातलं. "ये, बाळा," ती म्हणाली. "चल घरी. ये."

हात सावलीत गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग भिजल्या कापडावर ओला तळहात घासल्याचा आवाज आला. पँटला पुसला होता.

मालिनी मागे वळली. वॉल्ट सगळ्यांना बोटीत चढायला सांगत होता. पोरं हसत, ढकलत चढत होती. मध्ये एक जण तसाच उभा होता, हात पुढे धरून. आता घाबरायचं तिला कारण नव्हतं. तिचं काम झालं होतं. तिने नुसतं तिथे उभं राहायचं होतं, बोट सुटेपर्यंत.

तिने डब्यात बघितलं. तळाशी थोडं उरलं होतं.

हाही कुणाचा तरी पोरगाच, तिच्या मनात आलं. याची आई कुठल्या तरी दारात उभी राहिली असेल. तिला दही माहीत नसेल, पण काहीतरी म्हणालीच असेल की. सगळ्या म्हणतात. आणि मग ती वाट बघत बसली असेल, किती वर्षं बसली असेल, आणि हा तिकडे ओल्यात. मालिनीला त्याचा राग यायला हवा होता. राग येईना. दारातून कुणाला रिकाम्या हाताने पाठवणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि आज तर तो हातच पुढे धरून उभा होता.

"मालिनी," दिगंबर मागून म्हणाले. "नको."

ती भराभरा गेली, डबा खरवडला आणि ते शेवटचं दही त्याच्या तळहातावर ठेवलं. ये म्हणाली नाही. तेवढं तिने टाळलं. त्याने दही चाटलं, मान लववली आणि बोटीत चढला.

८

घरी येताना अमन मागच्या सीटवर झोपला होता, तोंड उघडं टाकून, गुडघे दिगंबरांच्या पाठीत रुतवून. मालिनी आरशातून सारखी बघत होती. टर्नपाइकच्या हायवेवर त्याला जाग आली आणि तो म्हणाला, "आई, आय ॲम स्टार्व्हिंग. कारलं नाहीये ना?" दिगंबरांनी एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. 

घरात शिरताच अमनने बूट भिरकावले. एक रॅकला आपटला, दुसरा उपडा पडला. तसाच ओल्या मोज्यांनी कार्पेटवरून नाचत तो अंघोळीला गेला, आणि पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर आतून बेसूर गाणं ऐकू आलं.

"बूट नीट ठेव म्हणून किती वेळा सांगायचं रे तुला," मालिनी म्हणाली.  एवढ्या आनंदाने तिने ते वाक्य कधीच म्हटलं नव्हतं.

दिगंबर स्वयंपाकघरात भांडी काढत होते. वरण तापत होतं, हिंगाचा वास सुटला होता. सगळं घर पुन्हा आपल्या जागी आलं होतं. मालिनी वाकली आणि अमनचा उपडा बूट सरळ केला. दुसरा उचलायला रॅकच्या कडेला हात घातला.

तिथे आणखी एक जोडी होती. टाचा भिंतीला, चवडे दाराकडे, मधे जराही फट नाही. खालच्या पेपरवर पाणी हळूहळू पसरत होतं.

ती उठून उभी राहिली. दिवाणखान्यात अजून दिवा लावलेला नव्हता. खिडकीशी, पलीकडच्या दिव्यांच्या उजेडात, पाठमोरं कुणीतरी उभं होतं. खांदे अरुंद होते, अमनपेक्षाही लहान पोरगं असावं. एक हात बाजूला सोडलेला, तळहात थोडा उघडा. बाथरूममधून अमनचं गाणं चालूच होतं.

"काय गं," दिगंबरांनी आतून विचारलं, "पानं तीनच घेऊ ना?"

मालिनीने दार लावून घेतलं. ओल्या पेपरवर एक कोरडा पेपर टाकला.

"चार घ्या," ती म्हणाली. "आणि त्या कपाटातला एक टॉवेल द्या मला."